ट्रॅक्टरच्या क्लचखालील स्विच : बिघाड कसा ओळखावा

ट्रॅक्टरची चावी फिरविली, पुढचे दिवे लखलखीत लागले, हॉर्नही वाजला, पण सेल्फ मात्र हूं की चूं करीना, असा प्रसंग ऐन हंगामात पुष्कळ शेतकऱ्यांवर येतो. अशा वेळी सामान्यतः बॅटरीला दोष दिला जातो. शेजारच्याची बॅटरी आणून जोडली जाते, तरीही इंजिन सुरू होत नाही. वस्तुतः दिवे पूर्ण प्रकाशाने लागत असतील, तर बॅटरीत बहुधा पुरेशी शक्ती असते, आणि दोष अनेकदा क्लचच्या पेडलाजवळ बसविलेल्या एका लहानशा स्विचमध्ये सापडतो. हा स्विच मुठीत मावेल एवढाच असतो. परंतु तो बिघडल्यावर खेडोपाडी जो उपाय सर्रास योजला जातो, तो जिवावर बेतणारा आहे. म्हणून या स्विचचे कार्य काय, त्यात बिघाड कोणकोणते होतात आणि ते कसे शोधावेत, याची माहिती ट्रॅक्टर बाळगणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास व त्यास सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्यास असणे जरूर आहे.

सेल्फ फिरविण्यास बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह लागतो. एवढा प्रवाह चावीच्या नाजूक स्विचला पेलणारा नाही. म्हणून तो जाड केबलमधून बॅटरीकडून सेल्फकडे परस्पर नेलेला असतो, आणि त्या वाटेवर सोलेनॉइड नावाचा विद्युत्-चुंबकावर चालणारा खटका बसविलेला असतो. चावीकडून एका बारीक वायरीने थोडासा प्रवाह सोलेनॉइडला मिळाला, की तो ‘टक्’ असा आवाज करून मोठी वाट जोडतो व सेल्फ फिरू लागतो. क्लचखालील स्विच या बारीक वायरीच्या वाटेवर असतो. एकाच चारीवर एकापुढे एक अशी तीन दारे असावीत आणि तिन्ही उघडल्याखेरीज पाणी वाफ्यात पोचू नये, तशी ही व्यवस्था आहे. पहिले दार फ्यूजचे, दुसरे चावीचे आणि तिसरे क्लचचे. काही ट्रॅक्टरांत याखेरीज गिअरच्या दांड्याजवळ न्यूट्रलचा आणि पी.टी.ओ.च्या दांड्याजवळ एक असे आणखी स्विच असतात. कोठे मध्ये रिलेही असते. यांपैकी कोणतेही एक दार बंद राहिले, की परिणाम एकच, सेल्फ फिरत नाही.

ही अडवणूक कारखानदारांनी उगीच ठेवलेली नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना सेल्फ फिरला, तर सेल्फची शक्ती चाकांपर्यंत पोचते व ट्रॅक्टर जागचा हलतो, आणि डिझेल इंजिन तर एकदोन फेऱ्यांतच पेट घेते. क्लच पूर्ण दाबलेला असेल, तर इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटलेला असतो व हा धोका उरत नाही. शिवाय, क्लच दाबण्यासाठी चालकाला बैठकीवर बसावेच लागते. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व पहिल्याहून कमी नाही, हे पुढे दिसून येईल. गिअरमध्ये असलेले यंत्र सुरूच होऊ नये, ही कल्पना जुनी आहे. हॅरी फर्ग्युसन यांच्या टी.ई. २० या ट्रॅक्टराचे उत्पादन १९४६ साली इंग्लंडातील कोव्हेंट्री येथे सुरू झाले. त्यात सेल्फसाठी निराळे बटणच नव्हते. गिअरचा दांडा न्यूट्रलमधून ‘एस’ या खुणेकडे नेला, तरच सेल्फ फिरे. दांडा एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो, तेव्हा गिअरमध्ये इंजिन सुरू होण्याचा प्रश्नच उरत नसे. आजचा क्लचचा स्विच हेच काम विजेच्या साहाय्याने करतो. अलीकडच्या पुष्कळ मोटारगाड्यांतही क्लच दाबल्यावाचून इंजिन सुरू होत नाही, ते याच कारणाने.

‘डायरेक्ट’ करण्याचा घातक प्रघात

स्विच बिघडला, की गावातील जाणकार म्हणविणारा कोणी तरी पेचकस घेऊन सेल्फजवळ जातो आणि सोलेनॉइडच्या दोन टोकांवर ते आडवे टेकवितो. ठिणगी उडते, सेल्फ फिरतो आणि इंजिन सुरू होते. यास ‘डायरेक्ट मारणे’ म्हणतात. पैसा लागत नाही, वेळ जात नाही, म्हणून हा प्रकार एकदा अंगवळणी पडला की स्विच दुरुस्त करण्याचे नावही कोणी घेत नाही.

पण तो मनुष्य त्या क्षणी कोठे उभा असतो, याचा विचार करावा. सेल्फ इंजिनाच्या बाजूस असतो. तेव्हा तो जमिनीवर, पुढच्या व मागच्या चाकांच्या मधोमध, मोठ्या चाकाच्या अगदी पुढ्यात उभा असतो. बैठक रिकामी असते, क्लच मोकळा असतो आणि ब्रेकवर कोणाचा पाय नसतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहून गेला असेल, तर तो सुरू होताक्षणीच चालू लागतो. खालच्या गिअरमधील ताशी ३ किलोमीटरचा वेग पाहणाऱ्यास अगदी संथ वाटतो. परंतु या वेगाने चाक एका सेकंदात सुमारे ८३ सेंटिमीटर पुढे येते, आणि उभा मनुष्य व चाक यांतील अंतर बहुधा एवढेही नसते. इंजिनाच्या आवाजाने दचकून मनुष्य भानावर येण्यापूर्वीच सुमारे दोन टन वजनाच्या यंत्राचा मोठा भार वाहणारे मागचे चाक त्याच्यावर आलेले असते. अशा रीतीने माणसे दगावली आहेत. भारतात तसेच ट्रॅक्टर वापरणाऱ्या इतर देशांतही हा अपघाताचा परिचित प्रकार आहे.

‘गिअर न्यूट्रलला आहे हे पाहूनच मी डायरेक्ट करतो,’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. शंभर वेळा ते पाहिले जातही असेल. परंतु उतारावर ट्रॅक्टर उभा करताना तो सरकू नये म्हणून गिअरमध्ये ठेवण्याची सवय सर्वत्र आहे. शिवाय आदल्या दिवशी ट्रॅक्टर उभा करणारा आणि दुसऱ्या दिवशी सुरू करणारा मनुष्य एकच असतो असे नाही. भाड्याने चालणारे ट्रॅक्टर व अवजारे बँकेचे ट्रॅक्टर तर निरनिराळ्या चालकांच्या हाती जातात. मनुष्य विसरतो, हे गृहीत धरूनच हा स्विच बसविलेला आहे.

दुसरा प्रघात स्विचच्या दोन्ही वायरी काढून त्या एकमेकींस पीळ देऊन कायमच्या जोडण्याचा. यात चालक बैठकीवर बसून चावी फिरवितो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. परंतु तिसरे दार कायमचे उघडे टाकल्यासारखे होऊन, बैठकीवर चढलेल्या लहान मुलाने नुसती चावी फिरविली तरी गिअरमधील ट्रॅक्टर चालू लागेल. चावी ट्रॅक्टरलाच लावून ठेवण्याची आपल्याकडील रीत लक्षात घेता ही भीती काल्पनिक नव्हे.

बिघाड दोन प्रकारचे

स्विचचे बिघाड दोन प्रकारांनी होतात. एक, पेडल दाबूनही आतील संपर्क जुळत नाही. दुसरा, पेडल सोडले तरी संपर्क सुटत नाही. पहिला बिघाड झाला की काम अडते, आणि त्याची बोंब त्याच दिवशी होते. दुसऱ्या बिघाडाची कोणीच तक्रार करीत नाही, कारण ट्रॅक्टर नित्याप्रमाणे सुरू होतो. उलट, क्लच न दाबताही सुरू होतो हे सोयीचेच वाटते. अशा स्थितीत ट्रॅक्टर वर्षानुवर्षे चालतो आणि स्विच असून नसल्यासारखा होतो. कार्यकर्त्यांनी गावातील ट्रॅक्टर पाहताना या दुसऱ्या बिघाडाचा मुद्दाम शोध घ्यावा.

त्याची परीक्षा सोपी आहे. ट्रॅक्टर सपाट व मोकळ्या जागी उभा करावा. पुढेमागे कोणी नसावे. हँडब्रेक लावावा, चाकांना दगड लावावेत, गिअर व पी.टी.ओ. न्यूट्रलला आहेत हे दांडे हलवून पाहावे. इंजिन बंद करण्याची ओढदांडी असेल, तर ती बाहेर ओढून ठेवावी, म्हणजे डिझेल बंद राहील. मग चालकाने बैठकीवर बसून, क्लचला पाय न लावता, चावी क्षणभर सुरू करण्याच्या खुणेपर्यंत फिरवावी. सेल्फ फिरता कामा नये. फिरला, तर स्विच आत चिकटलेला आहे किंवा कोणी तरी वायरी जोडून ठेवल्या आहेत. त्यानंतर पेडल अर्ध्यापर्यंतच दाबून पुन्हा पाहावे. या स्थितीतही सेल्फ फिरू नये. पेडल पूर्ण दाबल्यावरच तो फिरावा. ज्या ट्रॅक्टरात क्लचऐवजी केवळ गिअरच्या दांड्यावर स्विच आहे, तेथे क्लचचा हा नियम लागू पडत नाही. आपल्या ट्रॅक्टरात कोणती व्यवस्था आहे, हे त्याबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहून ठेवावे.

आवाजावरून निदान

हत्यार हाती घेण्यापूर्वी कान द्यावा. क्लच पूर्ण दाबून चावी फिरविली असता मुळीच आवाज नसेल आणि दिवे प्रखर असतील, तर बारीक वायरीच्या वाटेवर कोठे तरी खंड आहे. क्लचचा स्विच याच वाटेवर आहे. एकदाच जोरदार ‘टक्’ होऊन पुढे काही होत नसेल, तर सोलेनॉइडपर्यंत प्रवाह पोचला, म्हणजेच स्विच आपले काम करीत आहे. दोष मोठ्या केबलांच्या जोडांत, सोलेनॉइडच्या आतील संपर्कात किंवा सेल्फमध्ये शोधावा. ‘टकटकटक’ असा लागोपाठ आवाज येऊन दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार धरला आहे. आणि सेल्फ जोमाने फिरूनही इंजिन पेट घेत नसेल, तर प्रश्न डिझेलचा किंवा डिझेलच्या वाटेत शिरलेल्या हवेचा आहे. त्या वेळी क्लचच्या स्विचला हात लावण्याचे कारण नाही. एवढा विवेक केला, तरी निष्कारण बदलल्या जाणाऱ्या कितीतरी बॅटऱ्या वाचतील.

प्रथम डोळ्यांनी पाहावे

मुळीच आवाज नाही असे ठरल्यावर पेडलाखाली वाकून पाहावे. भाताच्या चिखलणीनंतर किंवा काळ्या रानातील ओल्या मशागतीनंतर पेडलाच्या बुडाशी चिखल साचून वाळतो व दगडासारखा होतो. मग पेडल शेवटपर्यंत खाली जात नाही आणि स्विचचा दट्ट्या हलतच नाही. उसाच्या फडात पाचटाच्या काड्या व मळणीच्या वेळी भुसा असाच अडकतो. पायाखाली टाकलेले गोणपाटही पेडल अडविते. चिखल लाकडी काडीने खरवडावा, दट्ट्या बोटाने दाबून तो सहज आत जातो व सोडताच बाहेर येतो की नाही, हे पाहावे. जोराच्या फवाऱ्याने ट्रॅक्टर धुताना स्विचवर थेट पाणी मारू नये. आत शिरलेले पाणी संपर्कास गंज आणते आणि आज धुतलेला ट्रॅक्टर आठ दिवसांनी रुसतो.

दट्ट्या ठीक असल्यास वायरींकडे वळावे. कणगी-पोत्यांजवळ उभ्या केलेल्या ट्रॅक्टराच्या वायरी उंदीर कुरतडतात, हे सर्वांना ठाऊक आहेच. स्विचचा जोड काढून त्यातील पितळी टोकांवर हिरवी पुटे असतील, तर ती बारीक पॉलिश कागदाने घासून जोड घट्ट बसवावा. फ्यूज पाहावा. फ्यूज जळलेला आढळल्यास तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. त्याजागी तांब्याची तार गुंडाळण्याने वायरींना आग लागण्याचा धोका असतो. पुन्हा फ्यूज उडाला, तर कोठे तरी वायर सोलून लोखंडाला टेकत आहे असे समजावे.

क्लचची मोकळी चालही येथे पाहणे अगत्याचे आहे. पेडल दाबताना सुरुवातीस ते काही अंतर हलकेच जाते व नंतर जड लागते. हे हलके अंतर म्हणजे मोकळी चाल. ती किती असावी याचे माप पुस्तिकेत दिलेले असते. क्लचच्या पट्ट्या झिजत जातात तशी ही चाल बदलते, आणि पेडलाच्या खिळीचे बुश झिजले की पेडल एका अंगास कलून दट्ट्याला चुकविते. अशा वेळी नवा स्विच बसविला तरी दोष जात नाही, आणि दुकानदाराने खराब माल दिला असा ग्रह होतो. आधी क्लच मापात आणावा, मग स्विचकडे पाहावे.

दिव्याने तपासणी

एवढ्याने दोष सापडला नाही, तर १२ व्होल्टच्या दिव्याने वाट तपासावी. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याचा होल्डर आणि दोन वायरी एवढेच साहित्य लागते. एल.ई.डी.चा बारीक टेस्टर यासाठी तितकासा उपयोगी नाही. गंजलेल्या संपर्कातून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावरही तो लागतो व स्विच चांगला असल्याचा भास निर्माण करतो. २१ वॅटचा बल्ब सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह मागतो, त्यामुळे संपर्क अशक्त असेल तर तो मंद लागून दोष उघड करतो. मात्र ज्या नव्या ट्रॅक्टरांत वा मोटारींत स्विचची वायर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण-पेटीकडे जाते, तेथे बल्ब लावून पाहू नये. पेटी बिघडण्याचा संभव असतो. अशी वाहने मल्टिमीटर वापरणाऱ्या प्रशिक्षित मेकॅनिककडेच न्यावीत.

तपासणीपूर्वी वर सांगितलेली सर्व दक्षता घ्यावी. त्याखेरीज सोलेनॉइडवरील बारीक वायर काढून, तिचे टोक लोखंडास लागणार नाही असे टेप गुंडाळून ठेवावे. असे केल्याने तपासणी चालू असताना सेल्फ अवचित फिरण्याची भीती राहत नाही. ही एक गोष्ट विसरू नये.

आता दिव्याची एक वायर ट्रॅक्टरच्या स्वच्छ, रंग नसलेल्या लोखंडाला जोडावी. मदतनीसाने बैठकीवर बसून क्लच पूर्ण दाबावा व चावी सुरू करण्याच्या खुणेवर धरून ठेवावी. दिव्याची दुसरी वायर प्रथम स्विचच्या त्या टोकास लावावी, जेथे चावीकडील वायर येते. दिवा लागला नाही, तर दोष अलीकडे, म्हणजे फ्यूज, चावी किंवा मधल्या वायरीत आहे. लागला, तर स्विचच्या दुसऱ्या टोकास लावून पाहावे. तेथे तो लागत नसेल किंवा मंद लागत असेल, तर स्विच सदोष आहे अथवा दट्ट्या पुरता दाबला जात नाही. दोन्ही टोकांस सारखाच प्रखर लागत असेल, तर स्विच निर्दोष आहे. मग सोलेनॉइडवरून काढलेल्या वायरीच्या टोकास दिवा लावावा. तेथे अंधार असल्यास मधील रिले, न्यूट्रलचा स्विच किंवा तुटलेली वायर शोधावी. तेथेही दिवा लखलखीत लागला, तर बारीक वायरीची सर्व वाट ठीक असून सोलेनॉइड मिस्त्रीस दाखवावे. शेवटी मदतनीसास क्लच सोडण्यास सांगून स्विचच्या दुसऱ्या टोकास दिवा पुन्हा लावावा. या वेळी तो विझलाच पाहिजे.

स्विच बदलताना

स्विच उघडून आतील संपर्क घासण्याचा खटाटोप सहसा करू नये. तो फार दिवस टिकत नाही. नवा स्विच आणताना जुना बरोबर न्यावा. बाहेरून सारखे दिसणारे स्विच आतून उलट असतात, हे येथे सांगितले पाहिजे. काहींचा संपर्क दट्ट्या आत गेल्यावर जुळतो, तर काहींचा दट्ट्या बाहेर आल्यावर. पेडल खाली जाऊन दट्ट्यास दाबते अशा ठिकाणी पहिला प्रकार लागतो. पेडल वर असताना दट्ट्या दाबलेला राहतो व पेडल खाली गेल्यावर मोकळा होतो, अशा ठिकाणी दुसरा. चुकीचा प्रकार बसविल्यास क्लच सोडलेला असताना सेल्फ फिरेल आणि दाबल्यावर थांबेल, म्हणजे जेथे अडवावयाचे तेथेच वाट मोकळी होईल.

बसविताना स्विचच्या आट्यांवरील नटाने तो मागेपुढे करून असा ठेवावा, की क्लच पूर्ण सुटल्यानंतरच संपर्क जुळावा. ‘पाय फार दाबावा लागतो’ या चालकाच्या कुरकुरीवरून तो अर्ध्या पेडलावर जुळेल असा लावून देणारे मिस्त्री आहेत. त्यांस तसे करू देऊ नये. उलट, दट्ट्यावर पेडलाचा सर्व भार येईल इतका स्विच पुढेही घेऊ नये, नाहीतर तो थोड्याच दिवसांत चेपून जातो. नट आवळल्यावर सोलेनॉइडची बारीक वायर परत जोडावी, पेडल पाचदहा वेळा दाबून पाहावे आणि पूर्ण, अर्ध्या व मोकळ्या अशा तिन्ही स्थितींतील परीक्षा पुन्हा करावी.

संध्याकाळच्या वेळी, गावापासून दूर शिवारात ट्रॅक्टर अडला आणि नवा स्विच जवळ नसला, तर काय करावे, असा प्रश्न शेतकरी हमखास विचारतात. चिखल काढणे, दट्ट्या मोकळा करणे, जोड घासून बसविणे एवढे तेथल्या तेथे करता येते, आणि पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. तसे न झाल्यास ट्रॅक्टर हँडब्रेक लावून, चावी काढून तेथेच ठेवावा व सकाळी मिस्त्रीस घेऊन जावे. एका रात्रीचे काम बुडेल, दुसऱ्याच्या शेतातील पाळी चुकेल, हे खरे आहे. ज्याचा ट्रॅक्टर भाड्याने चालतो त्यास ते परवडत नाही हेही खरे. त्यावर तोड म्हणजे हंगामापूर्वी तेलपाणी बदलताना हा स्विच तपासून घेणे आणि एक जोडस्विच हत्यारांच्या पेटीत ठेवणे. पेट्रोल-डिझेलच्या खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ आहे.

ज्या जुन्या ट्रॅक्टरांत असा स्विच मुळातच नाही, त्यांतही तो बसविता येतो. सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर चावीच्या पुढे तोडून क्लचच्या पेडलाजवळ आणावयाची, लोखंडी पट्टीचा एक कोन करून त्यावर दट्ट्याचा स्विच बसवावयाचा आणि वायरीची दोन टोके त्यास जोडावयाची, एवढेच हे काम आहे. सोलेनॉइडचा प्रवाह पेलणारा स्विच निवडणे मात्र आवश्यक आहे. तो मिळत नसेल, तर मध्ये रिले घालून घ्यावे. जेथे सेल्फवरील टोके उघडी आहेत, तेथे त्यांवर रबरी टोपण किंवा पत्र्याचे झाकण बसवून घेतल्यास पेचकस टेकविण्यास जागाच राहत नाही. झाकण पत्र्याचे केल्यास ते टोकांस लागणार नाही असे पुरेसे अंतर ठेवावे, व काम करण्यापूर्वी बॅटरीची अर्थची केबल सोडून ठेवावी.